सुट्टीवरचा शोधक आणि सोलापूरची वाट

रहस्यकथांच्या वाचकाला एक प्रसंग चांगला परिचयाचा असतो. कोणी हुशार गृहस्थ किंवा चौकस बाई चार दिवस विश्रांतीसाठी परगावी गेलेली असते. समुद्रकाठचे हॉटेल, नदीतली आगबोट किंवा डोंगरातला बंगला असे काहीतरी ठिकाण असते. भोवती अनोळखी पण सभ्य माणसे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या कोणाचा तरी खून होतो. पोलीस येतात, चुकीच्या माणसावर संशय घेतात, आणि ज्याने या भानगडीत पडण्याचे काही कारण नव्हते तो पाहुणा शेवटी खरा खुनी दाखवून देतो.

ही चौकट इंग्रजी रहस्यकथेने फार आवडीने वापरली. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत अतिश्रमाने खचलेल्या शेरलॉक होम्सला वॉटसन खेड्यातल्या एका मित्राकडे, रायगेटजवळ, घेऊन जातो. तिथे त्याला विश्रांतीऐवजी एका गाडीवानाचा खून मिळतो. १९१० च्या एका कथेत डॉक्टरांच्या आज्ञेवरून तो कॉर्नवॉलला जातो, आणि तिथेही तेच होते. डोरोथी सेयर्सच्या १९३२ च्या कादंबरीत पायी सहलीला निघालेल्या हॅरिएट व्हेनला समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकावर प्रेत आढळते. अगाथा ख्रिस्तीने तर पॉयरोला १९३२, १९३७ आणि १९४१ अशा वेगवेगळ्या सालच्या कादंबऱ्यांत सुट्टीवर पाठवून एकदाही धड सुट्टी उपभोगू दिली नाही. तिची मिस मार्पल १९६४ साली हवापालटासाठी कॅरिबियन बेटावर गेली, तिथेही मृत्यू तिच्याआधी पोचलेला होता.

आता प्रश्न असा की, असा पाहुणा मराठीत का आला नाही? मराठीत रहस्यकथा विपुल लिहिली गेली. गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला, त्याला शंभरावर वर्षे झाली. बाबूराव अर्नाळकरांच्या कथांची संख्या हजाराच्या पुढे जाते. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी काही पिढ्यांना रात्र रात्र जागवले. तरीही सुट्टीवर गेलेला, धंद्याने गुप्तहेर नसलेला आणि ओघाने खुनाच्या तपासात ओढला गेलेला प्रौढ नायक अशी ठसठशीत परंपरा मराठीत दिसत नाही. तुरळक अपवाद असतील, पण ती वाट मळली नाही हे खरे.

याचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. आपल्याकडे रहस्यकथेला प्रतिष्ठा नव्हती, लेखक घाईने लिहीत, इंग्रजीची उसनवारी चाले. हे सगळे मान्य केले तरी उत्तर पुरे होत नाही. उसनवारीच करायची होती तर सर्वांत सोपी उसनवारी याच चौकटीची होती. मला वाटते की उत्तर लेखकांच्या कुवतीपेक्षा आपल्या इतिहासात अधिक सापडते, आणि ते शोधायला सोलापूर हे ठिकाण फार सोयीचे आहे.

या चौकटीला तीन गोष्टींचा आधार लागतो. एक, सुट्टी नावाची वस्तू समाजात असावी लागते. दोन, अनोळखी माणसांच्या सोबतीत चार दिवस निर्धास्त घालवता येतील असा विश्वास असावा लागतो. खून या विश्वासाला तडा देतो आणि शोधक तो तडा सांधतो, म्हणून तर गोष्ट वाचवते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खुनी सापडला की त्याला कायद्याच्या हाती देणे म्हणजे न्याय, याविषयी लेखक आणि वाचक यांची एकवाक्यता असावी लागते. पॉयरोने १९३४ साली बर्फात अडकलेल्या आगगाडीत खुन्यांना सोडून दिले हे खरे, पण तो अपवाद लक्षात राहतो तो नियम पक्का असल्यामुळेच.

पहिल्या आधारापासून सुरुवात करू. सुट्टी ही निसर्गदत्त वस्तू नाही, ती कायद्याने आणि पगाराने घडते. इंग्लंडमध्ये बँकांच्या सुट्टीचा कायदा १८७१ साली झाला आणि भरपगारी रजेचा कायदा १९३८ साली. सोलापुरात पहिली मोठी कापडगिरणी, जी पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली, १८७७ साली उभी राहिली. त्या काळी आठवड्याची सुट्टीही कामगाराच्या हक्काची नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली, आणि साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ आले ते १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने. भरपगारी वार्षिक रजेची तरतूद रुजायला १९४८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. म्हणजे पॉयरो समुद्रकाठी ऊन खात बसला होता तेव्हा सोलापूरच्या साच्यावरच्या माणसाला पगारी रजा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते.

मध्यमवर्गाचे काय? त्याची भाषाच पाहावी. ‘सुट्टी’ शाळेला किंवा कचेरीला असते, ‘रजा’ साहेबाकडे मागावी लागते, ‘हवापालट’ आजाऱ्याला लागतो. मे महिन्यात माणूस निघतो तो आजोळी किंवा गावी, कोकणात किंवा देशावर. तिथे अनोळखी कोणी नसतेच. उलट गावाला तुमच्या तीन पिढ्या ठाऊक असतात. असल्या ठिकाणी खून झालाच तर तो भाऊबंदकीचा, आणि खुनी कोण हे पोलीस येण्यापूर्वीच सगळ्यांना माहीत असते. माथेरान-महाबळेश्वर होते, पण ते बराच काळ साहेबाचे आणि श्रीमंतांचे होते.

घराबाहेर पडून अनोळखी माणसांत मिसळण्याचे सामान्य माणसाचे एकच निमित्त होते, ते म्हणजे यात्रा. आणि यात्रेच्या दृष्टीने सोलापूरसारखे दुसरे नाके सापडणे कठीण. गावात तळ्याच्या मध्यभागी सिद्धेश्वर, आणि संक्रांतीला त्याची गड्ड्याची यात्रा. उत्तरेला पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास तुळजापूर, आग्नेयेला अक्कलकोट, पश्चिमेला पंढरपूर. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरापर्यंत आला आणि तेव्हापासून या स्थानकावर उतरणाऱ्यांत बोचकी सांभाळणारे यात्रेकरू मोठ्या संख्येने आले. ख्रिस्तीच्या हॉटेलला आपल्याकडे तुल्य काय, असे विचारले तर उत्तर धर्मशाळा हेच द्यावे लागेल. एका छताखाली चार मुलखांची माणसे, कोणाचा कोणाला मागमूस नाही, आणि तरीही एका चुलीवर भाकरी. रहस्यकथेला याहून चांगली जागा कोणती हवी?

पण रेल्वे येण्यापूर्वीच्या याच वाटांनी एक अनुभव गाठीला बांधला होता, आणि इथून आपण दुसऱ्या आधाराकडे येतो.

१८१८ साली सोलापूर इंग्रजांच्या ताब्यात आले. पण पूर्वेला थोडे अंतर गेले की निजामाची हद्द सुरू होई. तुळजापूर आणि नळदुर्ग त्या हद्दीत होते. हैदराबादला जाणारी वाट नळदुर्गावरून पुढे जाई. व्यापारी, रजेवर घरी निघालेले शिपाई, सावकारांची रोकड नेणारे, यात्रेकरू अशी नाना तऱ्हेची माणसे या मुलखातून चालत. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात नाहीसे होणे सोपे होते, आणि वाटेत नाहीसा झालेला प्रवासी कोणत्या राज्यात नाहीसा झाला हे ठरवणे अवघड होते.

फिलिप मेडोज टेलर या माणसाचे नाव इथे घ्यावे लागते. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला, आणि १८२४ साली निजामाच्या फौजेत दाखल झाला. विशीच्या उंबरठ्यावर असताना त्याच्याकडे निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागातील पोलिसांचे काम आले. तपासाचे कोणतेही शिक्षण नाही, हाताशी मोजकी माणसे, आणि वाटांवर माणसे मारली जात असल्याच्या बातम्या. टेलर चौकशीला लागला. पण काही हाती लागण्यापूर्वी त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले. त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ साली, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ही खंत त्याने मोकळेपणी सांगितली आहे. आणखी काही काळ मिळता तर ठगीचा उलगडा करणारा पहिला माणूस आपणच ठरलो असतो, तो मान पुढे स्लीमनकडे गेला, असा त्या कथनाचा आशय आहे.

म्हणजे हा हौशी शोधक गोष्ट पुरी होण्यापूर्वीच गोष्टीतून उचलला गेला. गोष्ट त्याच्यापर्यंत पुन्हा आली ती वेगळ्या मार्गाने. १८३० नंतर स्लीमनच्या मोहिमेत माफीचे साक्षीदार बोलू लागले. दक्षिणेत कॅप्टन रेनॉल्ड्सकडे हे काम होते, आणि टेलर आपण होऊन त्यांच्या मदतीला गेला. दिवसेंदिवस बसून त्याने कबुलीजबाब उतरून घेतले.

त्या कबुल्यांतली एक हकीकत टेलरने आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिली आहे, आणि ती हिंगोलीची आहे. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतले अधिकारी त्याच्याशी देवघेव करीत. त्याने एकदा मुंबईहून कापड आणण्यासाठी सरकारी परवाना मागून घेतला. असे कापड घेऊन एक व्यापारी वाटेत आहे हे त्याला ठाऊक होते. त्या व्यापाऱ्याला नोकरचाकरांसह मारून हरिसिंगने त्याचाच माल त्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले म्हणून हे कळले. ज्यांच्याकडे तपासाचे काम, त्यांच्याच अंगावर मेलेल्या माणसाचे कापड असावे ही गोष्ट कोणत्याही कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते. यात परवाना महत्त्वाचा आहे. सरकारी कागद इथे खुनाला अडवत नाही, तो त्या मालाला रस्ता मोकळा करून देतो.

टेलरची कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तो दीर्घ रजेवर मायदेशी होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या नावाच्या त्या पुस्तकाने एका पिढीच्या इंग्रजी वाचकांची झोप उडवली. साहित्याच्या अभ्यासकाने त्यातली रचना नीट पाहावी. कथा सांगतो तो अमीर अली, सातशे एकोणीस खून कबूल करणारा ठग. ऐकणारा साहेब आहे, पण तो फारसा बोलत नाही. या पुस्तकात शोधक नाही. ज्याने तपास सुरू केला होता त्या टेलरने स्वतःला ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवले आणि तोंड खुन्याला दिले. आपल्या भूमीवरचे पहिले गाजलेले गुन्हेगारी कथानक असे शोधकाच्या मौनातून जन्माला आले.

ठगांच्या पद्धतीत एक बाब अशी आहे की तिच्यामुळे ख्रिस्तीची चौकट इथे उलटी होते. स्लीमनने १८३६ साली ठगांच्या ‘रामसी’ या सांकेतिक बोलीचा कोश छापला. त्यात कामांची वाटणी दिसते. ‘भुर्तोट’ गळा आवळतो, ‘लुघाई’ खड्डा खणतो, पण सगळ्यांच्या आधी लागतो तो ‘सोथा’. प्रवाशाशी ओळख काढून, गोड बोलून, त्याला सोबतीला घेणे हे सोथ्याचे काम. बरोबर गेलात तर वाट सुरक्षित राहील, असे तो सांगे. दिवसचे दिवस ही मंडळी एकत्र चालत, एकत्र जेवत. ठरलेल्या जागी ‘झिरनी’ म्हणजे इशारा होई. ख्रिस्तीच्या हॉटेलात सभ्य सोबत हा नियम असतो आणि खुनी हा त्या सोबतीत लपलेला एकटा अपवाद. इथे सगळी सोबतच खुनी असते आणि परका असतो तो मरणारा. अशा गोष्टीत शोधक कोणात बसून विचार करणार? संशयितांच्या वर्तुळात निरपराध माणूसच उरत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ठगांविषयी आपल्याला जे कळते ते बहुतांशी माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. फास चुकवण्यासाठी बोलणारा साक्षीदार आणि खात्याचे महत्त्व वाढवू पाहणारा अधिकारी, दोघांनाही गोष्ट मोठी करण्यात रस होता. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला, विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज ठेवली नाही. ठगी ही धर्मवेडाने झपाटलेली अखिल हिंदुस्थानव्यापी संघटना होती, ही कल्पना आजचे इतिहासकार स्वीकारत नाहीत. किम वॅगनर यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात वाटमारीचे हे रूप स्थानिक सत्ता, दारिद्र्य आणि बेकारी यांच्या संदर्भात पाहिले आहे. वाटेवर माणसे मारली जात हे खरे. पण त्यांची जी गोष्ट झाली ती राज्याने सांगितलेली गोष्ट आहे.

आणि इथेच तिसऱ्या आधाराचा प्रश्न उभा राहतो. तपास कोणाच्या वतीने करायचा?

२२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या वाटेवर रँडचा खून झाला. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले. चाफेकरांचा माग पोलिसांना दिला तो द्रविड बंधूंनी. रहस्यकथेच्या निकषाने पाहिले तर त्यांनी जे केले ते अगदी शोधकाचे काम होते. खून झालेला, खुनी अज्ञात, आणि पोलिसाबाहेरच्या माणसाने दिलेल्या दुव्यावरून उलगडा. पण मराठी मनात त्यांना कोणती जागा मिळाली? फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी त्या दोघांवर गोळ्या झाडल्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण चाफेकर फासावर गेले. लोकांच्या लेखी चाफेकर हुतात्मे झाले आणि द्रविड फितूर. मराठीत ‘खबऱ्या’ या शब्दाला जो वास आहे तो या आणि अशा घटनांतून आलेला आहे. इंग्रजी वाचक ज्याला चतुर हौशी म्हणून टाळी देतो, त्याच कृतीला इथे हा शब्द लागला.

सोलापूरने याहून मोठा अनुभव घेतला. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला आणि जमावाच्या हल्ल्यात मंगळवार पेठेच्या चौकीवरील पोलीस मारले गेले. सरकारी अंमल काही दिवस शहरातून नाहीसा झाला. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले. हे चौघे चळवळीतले परिचित कार्यकर्ते होते, कुर्बान हुसेन ‘गझनफर’ या पत्राचे संपादक. खुनाशी संबंध नसताना त्यांना गोवण्यात आले, ही सोलापूरकरांची तेव्हापासूनची धारणा आहे. शहराच्या मध्यभागी चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत.

क्षणभर कल्पना करून पाहावी. मे १९३० मध्ये कोणी पॉयरो सोलापूरच्या स्थानकावर उतरला असता तर? चौकीत माणसे मेली होती हे खरे. ते शिपाईही कोणाचे तरी मुलगे, कोणाचे तरी बाप होते, आणि त्यांना कोणी मारले हा प्रश्न खोटा नव्हता. पण तो प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला शहरात जागाच राहिली नव्हती. सरकारने उत्तर आधी ठरवले असेल तर शोधकाचे कोणी ऐकले नसते. आणि त्याने खरोखरच दुसरी नावे शोधून काढली असती तर ती कोणाच्या हाती द्यायची? मार्शल लॉच्या हाती? खरा खुनी सापडण्यापेक्षा तो न सापडणे बरे, असे ज्या समाजाला वाटते आणि वाटण्याला कारण असते, तिथे रहस्यकथेचा शेवटचा प्रसंग लिहिता येत नाही. सत्तेवरचा अविश्वास इतका रास्त होता की त्यात मेलेल्या शिपायांची आठवणही वाहून गेली. आज चौघा हुतात्म्यांची नावे सर्वांना पाठ आहेत, शिपायांची कोणाला आठवत नाहीत. रहस्यकथा निदान मेलेल्याला विसरत नाही, आणि या बाबतीत तिच्याकडून आपल्याला शिकण्यासारखे होते.

याउलट मुंबईचे एक उदाहरण पाहावे. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांची मोटार अडवून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांच्यासोबतच्या मुमताज बेगमला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी मोटारीने तिथे पोचले. लेफ्टनंट सेगर्टने गोल्फच्या काठीनिशी हल्लेखोरांशी झुंज घेतली, गोळ्या झेलल्या, आणि मुमताज वाचली. या प्रकरणाचे धागे इंदूरपर्यंत गेले आणि १९२६ साली तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. फुरसतीच्या वेळी खुनात ओढल्या गेलेल्या पाहुण्याचे आपल्या इतिहासातले हे सर्वांत ठळक उदाहरण. पण तो पाहुणा इंग्रज होता, आणि हा योगायोग वाटत नाही. गोल्फची संध्याकाळ त्याची होती, मोटार त्याची होती, आणि साक्ष द्यायला न्यायालयात उभे राहताना आपण कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नव्हते. सुट्टी, सोबत आणि कायदा हे तिन्ही आधार ज्याच्यापाशी होते त्यालाच ही भूमिका करता आली.

या पार्श्वभूमीवर अर्नाळकरांचे नायक वेगळे दिसू लागतात. धनंजयासारखा धंदेवाईक गुप्तहेर त्यांच्याकडे आहे. पण वाचकांनी ज्यांच्यावर जीव लावला त्यांत झुंजार आणि काळापहाड हे कायद्याच्या कडेवर किंवा कडेपलीकडे वावरणारे नायक आहेत. ते दुष्टाला शासन करतात आणि पोलिसांनाही हुलकावणी देतात. समीक्षकांनी याला इंग्रजी नमुन्यांची नक्कल म्हटले. नमुना तिकडचा असेल, पण अनेक नमुन्यांतून हाच का निवडला गेला आणि हाच का रुजला, याचे उत्तर नकलेत नाही. न्याय हवा पण कचेरी नको, अशी ज्या वाचकाची मनःस्थिती होती त्याला हा नायक आपला वाटला.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. बंगालने तर पारतंत्र्य अधिक जवळून भोगले. तिथेही खबरे होते आणि हुतात्मे होते. तरी शरदिंदु बंद्योपाध्यायांचा व्योमकेश १९३२ सालापासून तपास करू लागला आणि एका कथेत तर आजारपणानंतर हवापालटासाठी गेला असता गूढात सापडला. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे एकट्या कायद्याच्या मुद्द्यावर सगळा भार टाकता येत नाही. बंगाली भद्रलोकांत पूजेच्या सुट्टीत पश्चिमेकडे हवापालटाला जाण्याची चाल जुनी होती. म्हणजे पहिला आधार त्यांच्यापाशी होता. आणि तिसऱ्या आधाराची अडचण शरदिंदूंनाही जाणवली असावी. व्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. सत्य शोधणे आणि सरकारच्या हाती देणे या दोन क्रियांत त्याने अंतर राखले. मराठीत असा शब्द कोणाला सुचला नाही, ही आपली उणीव आहे, आणि ती इतिहासावर ढकलून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर तपासाला मदत करणे फितुरी राहिली नाही. तेव्हा सुट्टीवरचा शोधक मराठीत आला, पण हाफ पँटमध्ये. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा आणि पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सत्तरच्या दशकापासून मुलांच्या हाती पडू लागला. तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, आणि जिथे जातो तिथे भानगड त्याची वाट पाहत असते. आपल्या समाजात हक्काची, भरगच्च सुट्टी फक्त विद्यार्थ्याला होती, म्हणून ती चौकट त्याच्याच वाट्याला आली. फौजदार त्याच्याशी कौतुकाने बोलतो, कारण मूल खबऱ्या असू शकत नाही. मात्र चोर, तस्कर, हेर हे त्याच्या कथांत वावरले तरी खुनाला तिथे सहसा प्रवेश नाही. चौकटीचा अर्धा भाग आला, आणि जो अर्धा प्रौढांसाठी होता तो बाहेरच राहिला.

याच काळातली एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी. सत्यजित रायांचा फेलुदा १९६५ साली पहिल्यांदा आला तोच दार्जिलिंगच्या मुक्कामात. पुढे १९७३-७४ च्या सुमारास, भुवनेश्वरच्या मंदिरातून चोरीला गेलेल्या यक्षीच्या मस्तकाचा माग काढत तो औरंगाबादेत उतरला आणि वेरूळच्या कैलास लेण्यात पोचला. तिथे खून झाला आणि तिथेच उलगडाही झाला. वेरूळ आपले, लेणे आपले, आणि तिथली रहस्यकथा कलकत्त्याहून आली. पाहुण्याच्या नजरेने आपला मुलूख पाहायला आपल्याला पाहुणाच लागला. टेलरच्या बाबतीतही हेच झाले होते. १८५३ साली तो नळदुर्गच्या मुलखाचा कारभार पाहायला परत आला, आणि १८६३ साली त्याने ‘तारा’ नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे. तुळजापूरचा घाट, देऊळ, नळदुर्गचा किल्ला हे सगळे इंग्रजी कादंबरीत आले तेव्हा मराठी कादंबरी नुकती पाळण्यात होती.

आज परिस्थिती बदलली आहे. भरपगारी रजा आहे, कुटुंबे परक्या गावी हॉटेलात उतरतात, तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर अशी तीन दिवसांची सहल सोलापुरात मुक्काम ठेवून केली जाते. नळदुर्गचा पाणीमहाल पाहायला पावसाळ्यात गर्दी लोटते. पहिले दोन आधार बव्हंशी उभे राहिले आहेत. तिसऱ्याविषयी मात्र मराठी लेखकाला अजून स्वतःशी निकाल करावा लागेल. खून उलगडल्यावर माणूस कोणाच्या हाती द्यायचा, आणि दिल्यावर आपल्याला झोप लागेल का, या प्रश्नाचे त्याचे उत्तर पॉयरोच्या उत्तरापेक्षा निराळे असणार. ते निराळे असण्यामागे रँडच्या खुनापासून मंगळवार पेठेच्या चौकीपर्यंतचा इतिहास आहे.

तो इतिहास बाजूला ठेवून इंग्रजी चौकट जशीच्या तशी उचलली तर ती कथा कुठल्याही गावची होईल. तो बरोबर घेतला तर शोधकाला एक प्रश्न सतत सोबतीला राहील, आणि त्या प्रश्नासकट तो सोलापूरच्या स्थानकावर उतरला तर मराठी रहस्यकथेला तिचा स्वतःचा पाहुणा मिळेल. मंगळवार पेठेतल्या त्या शिपायांची नावे विचारणारा तो कदाचित पहिला माणूस असेल.